कॉइनबेस ॲडव्हान्स्ड : सौदे जुळवण्याची यंत्रणा पारखताना

कॉइनबेस या अमेरिकी कंपनीच्या ॲपमध्ये बिटकॉइन विकत घेण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मार्गांनी त्याच क्षणी घेतलेल्या बिटकॉइनची किंमत सारखी पडत नाही. पहिल्या पडद्यावर ‘बाय’ असे मोठे बटण असते. रक्कम लिहायची, कंपनीने सांगितलेला भाव मान्य करायचा, एवढेच. दुसरा मार्ग ‘ॲडव्हान्स्ड’ या नावाखाली आहे. तिथे ऑर्डर बुक उघडी दिसते, म्हणजे कोण कोणत्या भावाला किती घ्यायला तयार आहे आणि कोण किती विकायला तयार आहे, याची क्षणाक्षणाला बदलणारी यादी समोर असते. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या मार्गाचे, आणि त्यातही एकाच प्रश्नाचे आहे : खरेदीची आणि विक्रीची ऑर्डर तिथे एकमेकींशी कशी जुळते आणि त्या जुळणीवर ग्राहकाने कितपत विश्वास ठेवावा?

जुळणीचा मूळ नियम कंपनीने आपल्या नियमावलीत स्वच्छ शब्दांत दिलेला आहे आणि तो मुंबईच्या शेअर बाजारात वावरणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. आधी भाव पाहिला जातो, मग वेळ. खरेदीदारांमध्ये ज्याने सर्वांत जास्त भाव देऊ केला तो पुढे, विक्रेत्यांमध्ये ज्याने सर्वांत कमी भाव मागितला तो पुढे, आणि भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर मॅचिंग इंजिनकडे, म्हणजे सौदे जुळवणाऱ्या संगणकप्रणालीकडे, आधी पोहोचली तो पुढे. ऑर्डर मोठी आहे की लहान, टाकणारा फंड आहे की घरबसल्या व्यवहार करणारा माणूस, याला रांगेत महत्त्व नाही. रांगेतली जागा टिकवायची असेल तर मात्र एक गोष्ट माहीत असायला हवी. त्याच भावावर संख्या कमी केली तर जागा राहते. भाव बदलला किंवा संख्या वाढवली तर ऑर्डर रांगेच्या शेवटी जाते. दर दोन मिनिटांनी भाव पाच-दहा सेंटांनी हलवत बसणाऱ्यांना आपली ऑर्डर का लागत नाही याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

समजा, इथर या क्रिप्टो नाण्याच्या विक्री बाजूला ३,०००.१० डॉलरला अर्धा, ३,०००.४० डॉलरला एक आणि ३,००१ डॉलरला दोन इथर उभे आहेत, आणि कोणी दोन इथरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्याची ऑर्डर, टाकली. इंजिन पहिला अर्धा इथर ३,०००.१० ला, पुढचा एक ३,०००.४० ला आणि उरलेला अर्धा ३,००१ ला देईल. सरासरी भाव ३,०००.४७५ डॉलर पडेल. म्हणजे पडद्यावर ठळक अक्षरांत जो भाव दिसत होता, तो फक्त पहिल्या अर्ध्या इथरपुरता खरा होता. इथरसारख्या खोल बाजारात हा फरक सेंटांत राहतो, पण ज्या नाण्याच्या बुकमध्ये प्रत्येक पायरीवर तुरळक माल उभा असतो, तिथे तोच फरक काही टक्क्यांवर जाऊ शकतो. याउलट, ग्राहकाने ३,००५ डॉलरची लिमिट खरेदी, म्हणजे त्याहून जास्त भाव न देण्याच्या अटीची ऑर्डर, टाकली तरी त्याच्याकडून ३,००५ घेतले जात नाहीत. सौदा नेहमी बुकमध्ये आधीपासून उभ्या असलेल्या ऑर्डरच्या भावाने होतो, आणि फरकाचा लाभ नव्याने आलेल्याला मिळतो. हा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे.

आधीपासून उभा असलेला तो मेकर आणि येऊन उचलणारा तो टेकर. मेकरला शुल्क सहसा कमी, कारण त्याच्यामुळे बुक भरलेली राहते. आपली ऑर्डर चुकूनही टेकर ठरू नये अशी इच्छा असेल तर ‘पोस्ट ओन्ली’ ही खूण करता येते. मग ती ऑर्डर लगेच जुळण्यासारखी असेल तर इंजिन ती स्वीकारतच नाही. एकाच खात्याच्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी समोरासमोर आल्या तर त्यांचा सौदा होऊ दिला जात नाही. मूळच्या नियमाप्रमाणे दोन्हींतली सामाईक संख्या वजा होते आणि लहान ऑर्डर रद्द होते. या सगळ्या गोष्टी नियमावलीत आहेत, पण पडद्यावर त्यांतल्या मोजक्याच समजतात. माझ्या मते या सेवेचा हा मुख्य दोष आहे : तिचे नियम तिच्या पडद्यापेक्षा पुष्कळ चांगले आहेत. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो तो कंपनीच्या डेटा फीडमधून प्रत्येक ऑर्डर आली, बुकमध्ये उभी राहिली, जुळली आणि संपली, हे क्रमांकानिशी पाहू शकतो. ज्याला ते येत नाही त्याला आपण रांगेत कितवे आहोत हेही पडद्यावरून कळत नाही.

इंजिन नियमाप्रमाणे चालले म्हणजे निकाल शहाणपणाचा असेलच असे नाही, हे याच कंपनीच्या इतिहासात फार ठळकपणे दिसून आले आहे. २१ जून २०१७ रोजी, तेव्हा जीडॅक्स या नावाने चालणाऱ्या तिच्या एक्स्चेंजवर कोणीतरी इथर-डॉलरच्या बुकमध्ये काही दशलक्ष डॉलरची मार्केट विक्री टाकली. खरेदीदारांच्या पायऱ्या एकामागून एक खाली करत तो एकच सौदा ३१७.८१ डॉलरवरून २२४.४८ डॉलरपर्यंत उतरला. इथवरचे नुकसान टाकणाऱ्याचे. पण भाव त्या पातळीला येताच सुमारे ८०० स्टॉप लॉस ऑर्डरी (भाव ठरलेल्या पातळीला उतरला की आपोआप विक्री करणाऱ्या) आणि मार्जिनवर, म्हणजे उसन्या पैशावर, घेतलेल्या सौद्यांची सक्तीची विक्री सुरू झाली. त्या विक्रीने भाव आणखी पडला, त्याने पुढचे स्टॉप लॉस उठले, आणि खरेदीची बाजू रिकामी होत होत इथरचा सौदा १० सेंटला झाला. काही क्षणांत भाव पुन्हा वर गेला. इतर एक्स्चेंजवर त्या वेळी इथरची किंमत शून्याजवळ आलेली नव्हती. कोसळली होती ती या एका बुकची खरेदी बाजू.

या घटनेत इंजिनाने एकही नियम मोडलेला नव्हता, आणि म्हणूनच ती अभ्यासण्याजोगी आहे. सर्वांत वरच्या खरेदीदाराला माल देणे हे त्याचे काम, आणि त्या क्षणी सर्वांत वरचा खरेदीदार १० सेंटला उभा होता. स्टॉप लॉस म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याची हमी, असे समजणाऱ्यांचा तिथे घात झाला. त्या काळच्या स्टॉप लॉसमध्ये ठरलेला भाव फक्त ऑर्डर जागी करणारा होता. जागी झाल्यावर ती मार्केट ऑर्डर बनून मिळेल त्या भावाला सुटत असे. कंपनीने सुरुवातीला झालेले सौदे कायम राहतील असे जाहीर केले, आणि पुढे ज्यांचे स्टॉप लॉस किंवा मार्जिन सौदे यात सापडले त्यांना स्वतःच्या पैशातून भरपाई दिली. १० सेंटला इथर मिळालेल्या खरेदीदारांचे सौदेही रद्द केले नाहीत. हा निर्णय मला योग्य वाटतो. भाव विचित्र दिसला म्हणून मागाहून सौदे पुसणारे एक्स्चेंज पुढच्या वेळी कोणाच्या सोयीने काय पुसेल याचा भरवसा देता येत नाही.

२०१९ मध्ये कंपनीने नियम बदलले. मार्केट ऑर्डरला संरक्षणाची मर्यादा आली. भाव ठरावीक टक्क्यांपलीकडे ढकलला जाऊ लागला की उरलेली ऑर्डर तिथेच थांबते आणि ग्राहकाला अपुरा सौदा मिळतो. स्टॉप ऑर्डरसोबत लिमिट देणे सक्तीचे झाले. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : भाव लिमिटच्या खाली एका उडीत गेला, तर स्टॉप-लिमिट ऑर्डर जागी होते पण जुळत नाही, आणि ग्राहक पडत्या बाजारात माल धरून बसतो. दोन्हींपैकी कोणता धोका पत्करायचा हे निदान आता त्याच्या हातात आहे. नवखा ग्राहक मात्र लिमिट आणि स्टॉप यांतले अंतर फारच कमी ठेवतो, आणि पडदा त्याला त्याबद्दल पुरेसा सावध करत नाही.

जुळणीविषयीचा दुसरा, अधिक गंभीर आक्षेप बाहेरून आला. १९ मार्च २०२१ रोजी अमेरिकेच्या वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने कॉइनबेसला ६५ लाख डॉलरचा दंड केला. जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात कंपनी स्वतःच्याच एक्स्चेंजवर ‘हेजर’ आणि ‘रेप्लिकेटर’ असे दोन स्वयंचलित प्रोग्रॅम चालवत होती, आणि त्यांच्या ऑर्डरी काही वेळा एकमेकींशी जुळत होत्या. आपण इथे व्यवहार करतो हे कंपनीने नियमावलीत सांगितले होते. एकाहून अधिक प्रोग्रॅम चालवतो हे सांगितले नव्हते. असे सौदे उलाढालीच्या आकड्यांत मोजले जात आणि ते आकडे भावांचे निर्देशांक काढणाऱ्या संस्थांपर्यंत जात. याच आदेशात २०१६ मधील सहा आठवड्यांचाही उल्लेख आहे, ज्यांत एका तत्कालीन कर्मचाऱ्याने लाइटकॉइन-बिटकॉइन जोडीत स्वतःच्याच खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी जुळवल्या होत्या. हा काळ जुना आहे, पण एकाच खात्याच्या ऑर्डरी रोखणारा नियम किती अपुरा पडू शकतो हे त्यातून कळते. नियम खाते पाहतो. दोन खात्यांमागे मालक एकच आहे का, हे शोधणे देखरेख विभागाचे काम असते. एखाद्या नाण्याची उलाढाल मोठी दिसते म्हणून तिथे मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याने बुकची प्रत्यक्ष खोली आधी पाहावी, असे मी म्हणेन. उलाढाल फुगवता येते, पण समोर उभा असलेला माल बऱ्याच अंशी मोजून घेता येतो. बऱ्याच अंशी म्हणतो, कारण उभी केलेली ऑर्डर क्षणात काढूनही घेता येते.

नवे नाणे दाखल करण्याची पद्धत मात्र सुधारली आहे. १९ डिसेंबर २०१७ रोजी बिटकॉइन कॅशचे व्यवहार सुरू झाले तेव्हा बुक इतकी विरळ होती की भाव इतर एक्स्चेंजांच्या दुपटीपलीकडे गेला आणि काही मिनिटांतच व्यवहार थांबवावे लागले. आता टप्पे ठरलेले आहेत : आधी फक्त नाणी जमा करता येतात, नंतर न जुळणाऱ्या ऑर्डरी उभ्या करता येतात, मग काही बाजारांत लिलावाने उघडण्याचा भाव ठरतो, आणि त्यानंतरच सलग जुळणी सुरू होते. आपल्या शेअर बाजारातले सकाळी नऊ ते सव्वानऊचे प्री-ओपन सत्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागचा विचार सांगावा लागणार नाही.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर १९९४ पासून हीच भाव-वेळ पद्धत चालते, तरी दोन्ही व्यवस्थांत महत्त्वाचा फरक आहे. आपल्याकडे जुळणी एक्स्चेंज करते, ग्राहकाची ऑर्डर ब्रोकर आणतो, हिशेब क्लिअरिंग कॉर्पोरेशन मिटवते आणि शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे असतात. कॉइनबेसवर ही सारी कामे एका छपराखाली होतात. सौदा जुळतो तेव्हा ब्लॉकचेनवर, म्हणजे नाण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, काहीच घडत नाही. कंपनीच्या स्वतःच्या वहीत एकाच्या खात्यातून डॉलर आणि दुसऱ्याच्या खात्यातून नाणे वळते केले जाते. वेग त्यामुळेच मिळतो. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने जून २०२३ मध्ये भरलेल्या दाव्यात नोंदणीशिवाय एक्स्चेंज, ब्रोकर आणि क्लिअरिंग संस्था या तिन्ही भूमिका एकत्र बजावल्याचा आरोप होता; तो दावा फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. कायद्याचा प्रश्न तिथे संपला असला, तरी एकाच ठिकाणी बिघाड झाला की सगळेच अडते ही अडचण राहतेच. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत बिघाड झाला तेव्हा कॉइनबेसच्या ग्राहकांनाही त्याची झळ बसली. चोवीस तास चालणाऱ्या या बाजारात साडेतीनची घंटा नाही आणि निर्देशांक फार हलला की व्यवहार थांबवणारे सर्किट ब्रेकरही नाहीत, त्यामुळे अशा वेळी बुकमध्ये उभ्या राहिलेल्या ऑर्डरींची काळजी अधिक वाटते.

शुल्काबद्दल थोडक्यात. दर वारंवार बदलतात, म्हणून आजचा आकडा इथे देण्यात अर्थ नाही; कल मात्र लहान ग्राहकाच्या विरोधात गेलेला दिसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याला १०,००० डॉलरहून कमी उलाढाल करणाऱ्यांसाठी मेकर आणि टेकर हे दोन्ही दर ०.५० टक्के करण्यात आले, तर मोठ्यांचे दर त्याहून पुष्कळ खाली राहिले. तरीही ‘बाय’ बटणापेक्षा ॲडव्हान्स्ड स्वस्त पडते, कारण त्या बटणामागे शुल्काशिवाय भावातच मिसळलेला स्प्रेड, म्हणजे बाजारभाव आणि सांगितलेला भाव यांतला फरक, असतो. स्प्रेड आहे ही बाब कंपनी लपवत नाही. पण ऑर्डर बुकमधला सर्वांत चांगला भाव शेजारी दाखवला, तर किती ग्राहक ते बटण दाबतील याची मला शंका आहे.

भारतातल्या वाचकासाठी चित्र थोडे निराळे आहे. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने यूपीआयसह इथे व्यवहार सुरू केले आणि काही दिवसांतच यूपीआयची सोय बंद करावी लागली. पुढे मार्च २०२५ मध्ये तिने संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी मिळवली. शिवाय १ जुलै २०२२ पासून नाणे विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. मेकर होऊन शुल्कातले काही दशांश टक्के वाचवण्याची कसरत त्या एका टक्क्यापुढे लहान ठरते, आणि वरचेवर खरेदी-विक्री करणाऱ्याचे खेळते भांडवल प्रत्येक विक्रीबरोबर परतावा मिळेपर्यंत अडकून राहते. अमेरिकेत राहून तिथल्या खात्यातून व्यवहार करणाऱ्या मराठी वाचकाला ही अडचण नाही. त्याने साधे बटण बाजूला ठेवून ॲडव्हान्स्डवर लिमिट ऑर्डर टाकावी, खोल बुक असलेल्या मोजक्या नाण्यांपुरते राहावे, आणि व्यवहारासाठी लागतील त्याहून जास्त नाणी तिथे ठेवू नयेत.