घुं गेली, पिन राहिली: ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आठ महिने वापरल्यावर

रेकॉर्डिंगला बसलं की स्पीकरमधून सतत एक जाड घुं यायची. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती गायब व्हायची. त्यासाठी दोन चॅनलचा ट्रान्सफॉर्मर घेतला. मुठीत मावेल एवढा डबा, त्याला वीज लागत नाही, ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि परत स्पीकरकडे पाठवणारा डबा) आणि पॉवर्ड स्पीकर (आतच अँप असलेला) यांच्या मधे जोडायचा. जोडल्या क्षणी घुं बंद झाली, ती आजतागायत बंद आहे.

त्याआधी मला सल्ला मिळाला होता, ‘स्पीकरच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाक.’ आवाज त्यानेही जातो. लॅपटॉपला चार्जरमधून अर्थ, स्पीकरला स्वतःच्या प्लगमधून अर्थ, आणि ऑडिओ केबलची शील्ड (आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण) त्या दोघांना पुन्हा जोडते. असं एक कडं तयार होतं, त्यातून बारीकसा प्रवाह फिरतो आणि तोच ऐकू येतो. पिन काढली की कडं तुटतं. पण उद्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर करंट बॉडीत उतरेल आणि फ्यूज उडेलच असं नाही. कडं तोडायचंच असेल तर ते ऑडिओच्या केबलमध्ये तोडावं, विजेच्या वायरीत कधीही नाही. ट्रान्सफॉर्मर नेमकं तेच करतो: सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, शील्डची जोडणी मात्र तुटलेली राहते. डीआय बॉक्सवरचं (गिटारसारखं वाद्य मिक्सरला जोडायचा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटणही सिग्नलचाच ग्राउंड सोडतं, म्हणून ते बिनधास्त दाबावं.

पिनेचं महत्त्व मला ओठांवर कळलं. डावा हात गिटारच्या तारांवर होता, गाताना ओठ माइकच्या जाळीला लागले आणि सणकन झटका बसला. गिटारचा अँप वेगळ्या एक्स्टेंशन बोर्डवर होता. वायरमनने तो बोर्ड उघडला, तर हिरवी वायर कापून आत गुंडाळून ठेवलेली! तीन पिनांचं सॉकेट बाहेरून अगदी व्यवस्थित दिसत होतं. आता सगळी उपकरणं एकाच, तपासून घेतलेल्या बोर्डवर आहेत आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे. त्याचं टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबते.

डब्याचे दोषही सांगते. इंटरफेसचा आवाज पूर्ण ठेवला की खालचे सूर, विशेषतः किक ड्रम, फुगल्यासारखे आणि मळकट येतात. लहान ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा कमी फ्रिक्वेन्सीला लवकर भरतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. इंटरफेस थोडा खाली घेऊन स्पीकरचा नॉब वाढवल्यावर फरक जवळपास गेला. पहिल्या आठवड्यात हा डबा मी अडॅप्टरला चिकटून ठेवला होता, तेव्हा त्याने स्वतःच घुं पकडली. वीतभर लांब सरकवल्यावर शांत. कंडेन्सर माइकच्या लाइनीत हा लावू नका, त्या माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) त्यातून पलीकडे जात नाही. डिमरच्या दिव्यामुळे गिटारच्या पिकअपमध्ये येणारी किरकिर यानेही गेली नाही; ती हवेतून येते, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी तो दिवाच बंद करते.

सहाव्या महिन्यात डाव्या बाजूचा जॅक सैल झाला, आवाज मधूनच तुटायचा. बाहेरचं नट घट्ट केल्यापासून ठीक आहे.