हयातीचा दाखला मोबाइलवरून: विद्यापीठाच्या पेन्शनरांसाठी ‘जीवन प्रमाण’ कसं आहे?

विद्यापीठातून निवृत्त झालेल्यांनी ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल हयातीच्या दाखल्याच्या सरकारी सेवेचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप जरूर वापरावं. फक्त ते एकेकट्याने वापरण्यापेक्षा निवृत्त कर्मचारी संघातल्या एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला सोबत घेऊन वापरलेलं बरं. चेहरा ओळखण्याचं काम अ‍ॅप चोख करतं. घोळ होतो तो फॉर्म भरताना, आणि विद्यापीठाच्या पेन्शनरांचा जरा जास्तच होतो.

केंद्र सरकारने ही सेवा नोव्हेंबर २०१४मध्ये सुरू केली, तेव्हा बोटांचे ठसे किंवा बुबुळ एवढाच मार्ग होता. वाढत्या वयात बोटांवरच्या रेषा पुसट होतात, मग यंत्र ठसा घेतच नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहऱ्याची सोय आली आणि ठसे घेणारं यंत्र शोधत फिरणं संपलं. अ‍ॅपला पैसे पडत नाहीत.

अँड्रॉइड फोनवर दोन अ‍ॅप लागतात: ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. पहिलं उतरवलं तरी त्याचं चिन्ह फोनच्या पडद्यावर दिसत नाही, ते आतल्या आत चालतं. ते आलंच नाही असं समजून अनेक जण पुन्हा पुन्हा शोधत बसतात.

पुढची पायरी ‘ऑपरेटर’ची. या शब्दाला बिचकू नका. पेन्शनर स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो किंवा दुसरं कुणीही. ऑपरेटरने आपला आधार क्रमांक, मोबाइल आणि ई-मेल भरायचा, ओटीपी टाकायचा, चेहरा दाखवायचा. त्यानंतर त्याच फोनवरून अनेक पेन्शनरांचे दाखले काढता येतात. संघासाठी ही या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. चांगला फोन असलेले दोघे-तिघे ऑपरेटर झाले, तर मासिक सभेच्या दिवशीच बऱ्याच जणांचं काम उरकतं, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे तेही मागे राहत नाहीत.

आता फॉर्म. नाव आधारवर आहे तसंच लिहायचं. पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश; त्याचा क्रमांक मूळ आदेशावरून पाहून उतरवायचा, आठवणीतून नको. खातं पेन्शन जमा होतं तेच द्यायचं. खरी अडचण पेन्शन मंजूर करणारं आणि पेन्शन देणारं कार्यालय निवडताना येते. केंद्रीय विद्यापीठात ही दोन्ही कामं बहुधा विद्यापीठच करतं. राज्य विद्यापीठांत एकच पद्धत नाही, म्हणून पीपीओ पाहावा किंवा लेखा विभागाला आधीच विचारावं. यादीत आपलं कार्यालय नसेल तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरं नाव मुळीच निवडू नका. चुकीचं कार्यालय निवडलं तरी ‘प्रमाण आयडी’चा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा एसएमएस येतो, माणूस निश्चिंत होतो आणि दाखला भलत्याच ठिकाणी जातो. कार्यालय या सेवेशी जोडलेलं नसेल तर कागदी दाखलाच द्यावा.

पुन्हा नोकरी धरलेल्या किंवा पुनर्विवाह केलेल्या पेन्शनरांना हा डिजिटल दाखला चालत नाही, त्यांनीही कागदीच द्यायचा. स्वतःची पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन अशी दोन्ही मिळत असतील तर दोन्ही पीपीओंसाठी वेगवेगळे दाखले काढावे लागतात. हे हमखास राहून जातं.

चेहरा घेतला जात नसेल तर आधी उजेड पाहा. खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. चष्मा काढा, चेहरा वर्तुळात धरा, सूचना आली की डोळे मिचकावा. तरीही नकार येत असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे का ते तपासा. ते उघडल्याशिवाय पुढे काही होत नाही. सभागृहात इंटरनेट मंद असेल तर एकाच वायफायवर सगळ्यांनी गर्दी करू नये.

एसएमएस आला म्हणजे काम संपलं असं नाही. संकेतस्थळावर प्रमाण आयडी टाकून पीडीएफ उतरवा, त्यावरचा पीपीओ आणि खाते क्रमांक ताडून पाहा, आणि दाखला पोहोचला का हे पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला विचारा. पेन्शन देणारं कार्यालय दाखला नाकारूही शकतं. तपशील चुकला असेल तर नव्याने दाखला काढायचा. दाखला आयुष्यभरासाठी नसतो, मुदत संपली की पुन्हा काढावा लागतो.

दाखले काढायच्या दिवसांत ‘पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. फोनवर ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, हे प्रत्येक सभेत पुन्हा सांगायला हवं.

अंथरुणाला खिळलेल्या सहकाऱ्यांकडे संघातल्या ऑपरेटरने घरी जावं हे उत्तम. ते जमत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. त्याचं शुल्क ७० रुपये आहे. त्याला बोलावण्याआधी आधार, पीपीओ, पासबुक आणि ओटीपी येणारा मोबाइल उशाशी काढून ठेवावा.