आल्याच्या कंदकुजीचा नमुना: आमिष की निवडक माध्यम?

गड्डा कुजला की पिथियम या मातीतल्या बुरशीसारख्या जिवावर ठपका ठेवून सगळे मोकळे होतात. ती नेमकी कोणती जात, हे ठरवायचं तर आधी ती मातीतून जिवंत बाहेर काढायला हवी.

आमिष पद्धत स्वस्त. ५० ग्रॅम मातीवर दोनेक सेंमी उकळून गार केलेलं पाणी, त्यावर काकडीचे पातळ तुकडे तरंगत ठेवायचे. २५ अंशांच्या आसपास दोन-चार दिवसांत कडेला पाणचट डाग दिसतो. तो भाग कापून टिपकागदावर कोरडा करा, मग पाण्याच्या साध्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवा. पंचगंगाकाठची चिकण काळी माती ढवळू नका. गाळ तुकड्यांवर बसतो नि जिवाणू माजतात. मोजदाद मात्र होत नाही, आणि झपाट्यानं वाढणारी जातच आधी गळाला लागते.

निवडक माध्यमात, म्हणजे इतर बुरश्या-जिवाणू दाबून पिथियम वाढू देणाऱ्या अगारमध्ये, पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफाम्पिसिन आणि पीसीएनबी हे बुरशीनाशक असतं. ही औषधं अगार ५० अंशांपर्यंत निवल्यावरच मिसळायची. पिमारिसिन उजेडात निकामी होतं, म्हणून प्लेटा अंधारात. ग्रॅममागे वसाहती मोजता येतात. पिथियमची नातलग फायटोफ्थोरा हवी असेल तर हायमेक्साझोल हे बुरशीनाशक घाला, त्यानं बहुतेक पिथियम दबतं.

दुर्मिळ जातीसाठी आमचा कौल आमिषालाच: प्लेटवर चिमूटभरही माती जात नाही, विरळ जात तिथे निसटते.

सूक्ष्मदर्शकात पिथियमचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) धानीबाहेरच्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीबाहेरच्या, पातळ फुग्यात तयार होतात, फायटोफ्थोराचे धानीतच. जात ठरवायला आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचा क्रम हवाच. नोंदीत अक्षांश-रेखांश, खोली, वाण, तारीख लिहा आणि शुद्ध कल्चर दिल्लीच्या आयटीसीसी (इंडियन टाइप कल्चर कलेक्शन) या बुरशी-संग्रहात जमा करा. त्याशिवाय तुमचा दावा दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही.