बोलेरो पिकअपवर घरी बांधलेला कॅम्पर: सर्व ऋतूंच्या वापरानंतर

गाडी एकेरी केबिनचा १.३ टनी बोलेरो पिकअप, इंजिन २५२३ सीसी, ७५ अश्वशक्ती. कॅम्पर म्हणजे हौद्यात बसणारा, उतरवता येणारा, आत राहता येईल असा बॉक्स. आत उभं राहता येईल इतकी उंची आणि केबिनच्या टपावर पुढे आलेलं नाक, ज्यात झोपायची जागा. उन्हाळा, कोकणचा पावसाळा आणि हिमाचलची थंडी असं सगळं काढून झालं आहे, त्यामुळे काय टिकतं आणि कुठे मार खातं हे आता ठामपणे लिहिता येईल.

आधी गाडीची निवड. बहुतेकांना इसुझूचा व्ही-क्रॉस पिकअप आवडतो. खासगी नोंदणी, 4x4, दिसायलाही देखणा. पण दोन माणसं आणि भरलेला कॅम्पर यांचं वजन त्याच्या कागदावरच्या भारक्षमतेत बसवणं फार अवघड. आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढी एकच वजाबाकी कुठल्याही गाडीचं टोकन देण्याआधी करा. बोलेरो पिकअप या हिशेबात सहज पास होतो. त्याची अडचण वेगळी आहे, ती पुढे येईलच.

आमच्या आकाराच्या बॉक्सचं वजन असं पडतं. जमीन २.४ मीटर बाय १.६५, बॉक्सची उंची १.९५, नाक १.१ मीटर पुढे. भिंती, छप्पर, नाक मिळून सुमारे २५ चौरस मीटर. २५ बाय २५ बाय २ मिमीचा ॲल्युमिनियम चौकोनी पाइप मीटरला अर्धा किलो भरतो, ५५ मीटरचे २७ किलो. बाहेरून १ मिमी ॲल्युमिनियम पत्रा ६८ किलो, आतून ३ मिमी प्लाय ५०, मध्ये २५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा कडक) फोम २५, तळाला १२ मिमी प्लाय ३२, गोंद आणि सीलंट १५, दार-खिडक्या २३. म्हणजे रिकामा बॉक्स २४० किलो. त्यात फर्निचर, गादी, बॅटरी, पॅनल, फ्रिज, गॅस, हीटर आणि ४० लिटर पाणी मिळून आणखी दीडशे. कपडे, हत्यारं, शिधा यांचे पन्नास धरा. फॅब्रिकेटर हमखास सांगतो, "एमएस (लोखंडी) पाइप लावू, बाहेरून एसीपी (प्लास्टिकच्या गाभ्याचा ॲल्युमिनियम पत्रा) मारू, आतून सहा मिमी प्लाय, दणकट होईल." त्या तीन बदलांनी बॉक्स जवळजवळ दीडशे किलोने वाढतो, आणि दणकटपणा त्या प्रमाणात वाढत नाही.

भारक्षमता १३०० किलो असताना वजनाची एवढी चिंता कशाला, असं कुणी विचारेल. कारण दोन. ७५ अश्वशक्तीत पावणेतीन मीटर उंचीचं सपाट तोंड वाऱ्यात ढकलायचं आहे. सत्तरच्या पुढे डिझेल पाण्यासारखं जातं आणि घाटात दुसऱ्या गिअरची सवय करून घ्यावी लागते. दुसरं, वजन किती यापेक्षा ते किती उंचावर आहे हे वळणावर कळतं. म्हणून बॅटरी, पाणी आणि हत्यारं जमिनीलगत, केबिन आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये. दाराबाहेर मागे टांगलेली स्टेपनी आणि जेरीकॅन दिसतात छान, पण ॲक्सलच्या मागचं वजन पुढची चाकं हलकी करतं आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. सगळं भरून झाल्यावर वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं तोला, मग पूर्ण गाडी. डावी-उजवी बाजूही तोलता आली तर तोलाच.

आता पाटे, म्हणजे मागच्या ॲक्सलवरचे लीफ स्प्रिंग. बोलेरोची अडचण म्हटली ती हीच. हे पाटे १३०० किलोसाठी आहेत, आणि त्यावर माणसं धरून पाचशे-सहाशेच पडतात. खड्ड्यात मागची बाजू उडते, आतल्या कप्प्यांची कुलपं उघडतात आणि बरणीतलं लोणचं भिंतीला लागतं. पाटा काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. आधी फक्त मागच्या टायरमधली हवा काट्यावरच्या वजनाला जुळेल इतकी कमी करा. निम्मा त्रास तिथेच संपतो. चांगले शॉकॲब्सॉर्बर बसवले की उरलेलाही बराचसा जातो. पाट्याला हात लावायची वेळ आली नाही.

बॉक्स हौद्यात बसवण्याची पद्धत साधी ठेवा. खाली गोठ्यात अंथरतात ती १२ मिमीची रबर मॅट. स्वस्त, घसरत नाही, आणि तळाच्या प्लायला पत्र्याचा ओलावा लागू देत नाही. तिला मधूनमधून पाणी जायला खाचा पाडा. चार कोपऱ्यांना एम१२ टर्नबकल (फिरवून आवळायचे ताण-हूक), आणि बॉक्स आडवा सरकू नये म्हणून फाळक्यांना टेकणारे लाकडी ठोकळे. मॅट दबते, त्यामुळे पहिल्या पन्नास किलोमीटरवर टर्नबकल हमखास ढिले मिळतात. तिथे थांबून आवळा, लॉकनट लावा. बॉक्स केबिनला कुठेही पक्का जोडू नका. खराब रस्त्यावर चॅसी पिळते, केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. नाक आणि टप यांच्यात किमान ६०-७० मिमी मोकळं हवं. कमी ठेवलं की टपाचा रंग घासला जातो.

सांगाड्यात पहिली भेग कुठे पडते हे बघायचं असेल तर नाक जिथे उभ्या भिंतीला मिळतं तो आतला कोपरा बघा. नाकात दोन माणसं झोपतात, रस्त्यावर ते टांगल्यासारखं उसळतं, आणि तो सगळा ताण त्या एका काटकोनात येतो. ॲल्युमिनियमला वेल्ड केलं की वेल्डच्या आजूबाजूची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून नुसत्या वेल्डवर भरवसा नको. त्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी ३ मिमी जाड, दीडशे मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या, गोंद लावून वर रिव्हेट. खिडकी या कोपऱ्यापासून हातभर तरी लांब कापा, आणि खिडकीचे कोपरे गोल ठेवा.

बाहेरचा पत्रा नुसत्या रिव्हेटवर मारला तर काय होतं ते नागपूरच्या मे महिन्यात दिसतं. सकाळ ते दुपार पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो, आणि २.४ मीटर लांब ॲल्युमिनियम त्यात दोन मिमीहून जास्त वाढतं. रिव्हेट त्याला वाढू देत नाही, मग पत्रा फुगतो, टणटण वाजतो, आणि रिव्हेटची भोकं हळूहळू लांबट होतात. पावसाळ्यात पाणी त्याच भोकांतून येतं. उपाय म्हणजे पत्रा लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) गोंदावर तरंगता ठेवायचा. सिकाफ्लेक्स-२५२ किंवा त्या जातीचं. थर ३ मिमी हवा, त्यासाठी पाइपवर ३ मिमी जाड रबराचे तुकडे अंतराअंतरावर चिकटवून मग पत्रा दाबा. तुकडे नसतील तर क्लॅम्प सगळा गोंद बाहेर ढकलतो, आणि अर्धा मिमी थराला ताणायला जागाच उरत नाही. पत्रा आधी स्कॉचब्राइटने घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून, प्राइमर. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, दिवसाला तीन-चार मिमी. कडेने सुकला म्हणून दुसऱ्याच दिवशी गाडी हलवू नका.

सांध्यांवर सिकाफ्लेक्स-२२१ सारखं सीलंट, खिडकी आणि छताच्या झाकणाखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी). सिलिकॉन जवळही आणू नका. एकदा लागलं की त्यावर नंतर दुसरं काहीही चिकटत नाही, रंगसुद्धा नाही.

फायबरचा बॉक्स करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण यात साहित्य हमखास वाया जातं. एक्सपीएस फोमवर पॉलिएस्टर रेझिन लावलं की त्यातलं स्टायरीन फोम खातं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. एक्सपीएसवर फक्त इपॉक्सी, किंवा पॉलिएस्टर वापरायचंच असेल तर फोम पीयूएफचा (पॉलियुरेथेनचा) घ्या. आणि इपॉक्सीसोबत नेहमीची चॉप्ड मॅट (काचतंतूंचे तुकडे चिकटवून केलेली) नको, विणलेलं काच-कापड घ्या. मॅटमधला तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळेल असा बनवलेला असतो. इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही.

ओलावा हा सगळ्यात चिवट शत्रू. दोन माणसं रात्रभर श्वासातून अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. थंडीत सकाळी आतल्या प्लायवर पाइपची आखणी केल्यासारखे दवाचे पट्टे उमटतात, कारण फोम असला तरी ॲल्युमिनियमचा पाइप बाहेरची थंडी थेट आत आणतो. पाइप आणि आतला प्लाय यांच्यामध्ये ६ मिमी एक्सएलपीई (मऊ पॉलिथिन) फोमची पट्टी घातली की पट्टे जवळजवळ जातात. गादीखाली सलग प्लाय नको, पट्ट्यांची जाळी करा, नाहीतर कोकणात आठवड्यात गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. छतावर १२ व्होल्टचा पंखा आणि समोरच्या टोकाला जमिनीलगत जाळी. दोन्ही उघडी असली तरच हवा फिरते, नुसत्या पंख्याने काही होत नाही.

कच्च्या रस्त्यावर धूळ मागच्या दारातून आत येते. दाराचं रबर बदलून बदलून लोक थकतात, पण दोष रबराचा नसतो. धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि बॉक्स धूळ ओढून घेतो. नाकाच्या पुढच्या तोंडावर एक फिल्टर लावलेली छोटी खिडकी ठेवा आणि चालताना ती उघडा. आत दाब वाढला की धूळ दाराबाहेरच राहते.

वीज. १०० एएचची (ॲम्पियर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे १२८० वॉट-तास, २०० वॉटचं पॅनल आणि अल्टरनेटरवरून २० ॲम्पियरचा डीसी-डीसी चार्जर. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला तीनशे ते पाचशे वॉट-तास खातो, विदर्भाच्या उन्हात त्याहूनही जास्त. चांगल्या उन्हात पॅनल सहाशे-आठशे देतं, पावसाळ्यात दोनशेच्या आसपास. तिथे दोन तास गाडी चालवणं हाच आधार, ४० एएच आत जातात. पुढच्या बॅटरीपासून मागे पाच मीटर वायर धरली तर जाऊन-येऊन दहा. १० चौरस मिमीच्या वायरमध्ये २० ॲम्पियरला साधारण ०.३५ व्होल्ट पडतो, चालतो. ६ चौरस मिमी घेतली की ०.६ पडतो. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ, वीतभर अंतराच्या आत. पॅनल छताला चिकटवू नका, ४० मिमी उंच बसवा. खाली हवा खेळली की पॅनल थंड राहून जास्त वीज देतं आणि छतालाही सावली मिळते.

हिमाचलच्या स्पीतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. ही बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) लो-टेम्परेचर कटऑफ आहे का हे विकत घेतानाच विचारा, आणि बॅटरी कॅम्परच्या बाहेर नको, आत, पलंगाखाली ठेवा.

डिझेल हीटर २ किलोवॉटचा पुरतो, ५ किलोवॉटचा नको. छोट्या जागेत तो कायम मंद आचेवर चालतो आणि काजळी धरतो. उंचीवर हवा विरळ, डिझेल तेवढंच, म्हणून काजळी आणखी वाढते. अल्टिट्यूड सेटिंग असलेलाच घ्या किंवा पंपाची गती हाताने कमी करता यावी. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवलं की आतला कोळसा जळून जातो. धुराचा पाइप गाडीबाहेर, हवा घेणारा पाइप दुसऱ्या बाजूला, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हा नसेल तर हीटर लावूच नका. लडाखला थंडीत जाणाऱ्यांनी वरच्या पंपावर विंटर ग्रेड डिझेल भरावं. इंडियन ऑइलने ते २०१९ मध्ये तिथे आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. खालून भरून नेलेलं डिझेल हीटरच्या बारीक नळीत सगळ्यात आधी घट्ट होतं.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर. त्याचा कप्पा आतून पूर्ण बंद, बाहेरूनच उघडणारा, आणि तळाला थेट रस्त्याकडे भोक. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली साचतो. वरच्या बाजूला ठेवलेली जाळी काही कामाची नाही.

कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून वेल्ड नाही, हौदा कापणं नाही, चार टर्नबकल सोडले की बॉक्स खाली. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, तेव्हा बॉक्स उतरवूनच जा. उतरवायला चार कोपऱ्यांना चार जॅक पाय, दोघांत तासाभराचं काम. चालत्या गाडीत मागे माणूस बसवायचा नाही, मालवाहू गाडीत ते बेकायदाच आहे. विमा कंपनीला बॉक्सबद्दल लेखी कळवून पोच घ्या.

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. स्टेनलेसचा बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर बसला की खारट हवेत त्याभोवती पांढरी पूड धरते आणि भोक मोठं होत जातं. प्रत्येक बोल्टखाली नायलॉन वॉशर घाला, आणि मृगाच्या आधी एकदा सगळे बोल्ट उघडून, पुसून, ग्रीस लावून परत आवळा.