बूट काढा, बूट घाला : ‘ओकारिना’ स्विचवर की थ्रीडीएसवर?

परवा भाच्याचा फोन आला. “मामा, ओकारिना स्विचवर खेळू की तुझा थ्रीडीएस नेऊ?” थ्रीडीएस न्यायचा हे त्याचं आधीच ठरलेलं होतं, ते सोडा. पण प्रश्न रास्त आहे, आणि मी दोन्ही आवृत्त्या शेवटपर्यंत खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ हा निन्टेन्डो कंपनीचा साहसी व्हिडिओ गेम, त्यात लिंक हा नायक आणि ओकारिना हे त्याचं फुंकायचं वाद्य. बाकी गोष्ट इथे सांगत बसत नाही. १९९८चा मूळ गेम २०२१पासून स्विच या निन्टेन्डोच्या नव्या यंत्रावर मिळतो, त्यासाठी त्यांच्या ऑनलाइन सेवेची ती महागडी, एक्सपान्शन पॅकवाली वर्गणी घ्यावी लागते. २०११मध्ये तोच गेम थ्रीडीएससाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या दोन पडद्यांच्या, हातात धरायच्या यंत्रासाठी, नव्याने घडवला गेला. गोष्ट तीच, कोड्यांनी भरलेले महाल (गेममध्ये त्यांना ‘टेम्पल’ म्हणतात) तेच, गाणीही तीच. मूळ गेम ज्या यंत्रासाठी आला तो खरा निन्टेन्डो ६४ आणि त्याची कार्ट्रिज (गेमची कॅसेट) हा तिसरा रस्ता आहे खरा, पण त्या कार्ट्रिजमधलं सेव्ह आतल्या छोट्या बॅटरीवर जिवंत असतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅटरीवर भरवसा ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. परदेशातला चाळिशीतला माणूस मूळ गेम पाहून हळवा होतो, कारण त्याच्या लहानपणी तो घरात होता. आपल्यापैकी बहुतेकांचं लहानपण टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेममध्ये आणि कॅसेट फुंकण्यात गेलं. त्यामुळे ‘मूळ ते मूळच’ हा मुद्दा माझ्यापुरता तरी कच्चा आहे.

तरीही वातावरणात मूळ गेम सरस आहे, हे कबूल करायला हवं. लिंक सात वर्षांनी जागा होतो आणि ओसाड झालेल्या बाजारात पाऊल टाकतो, तेव्हाचा तो अंधुक, मळकट प्रकाश नव्या आवृत्तीत नाही. तिथे सगळं उजळ, रंगवून काढल्यासारखं. फॉरेस्ट टेम्पलमध्ये मला मूळ गेम खेळताना खरोखर पाठीमागे बघावंसं वाटायचं. थ्रीडीएसवर मी आरामात शेंगदाणे खात होतो. मोठा पडदा हाही स्विचचा फायदा. शिवाय स्विचवर वाटेल तिथे सेव्ह करून उठता येतं, ही संसारी माणसाची मोठीच सोय.

इथवर वाचून तुम्ही स्विच हातात घेतला असेल. आता वॉटर टेम्पलबद्दल सांगतो.

निळा अंगरखा घातला की लिंकला पाण्याखाली श्वास घेता येतो. पण तळाशी चालायचं तर लोखंडी बूट घालायला लागतात आणि वर तरंगायचं तर ते काढायला. मूळ गेममध्ये हे असं होतं: स्टार्ट दाबा, खेळ थांबतो, खोलीच्या चार भिंतींसारखी चार पानं फिरतात, त्यातलं कपडे-हत्यारांचं पान गाठा, सगळ्यात खालच्या ओळीतले बूट निवडा आणि बाहेर या. चार पावलं चाललात की वर जायचंय. पुन्हा स्टार्ट, पुन्हा पान, पुन्हा बूट. देवळात जायचं म्हणजे पायातलं काढणं आलंच, पण दर मिनिटाला? एका संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, मोज किती वेळा काढतोय ते. तिचा चहा संपेपर्यंत १७ झाले. मग ती उठून गेली. मी मात्र आतच अडकलो होतो, कारण मधल्या मनोऱ्यातली किल्ली सापडत नव्हती. पाण्याची पातळी वाढली की तिथला तरंगता ठोकळा वर उचलला जातो आणि त्याच्याखाली वाट उघडते. ती वाट मला दोन दिवस दिसली नाही, आणि ते दोन दिवस सगळे बुटांत गेले. सेव्ह करायची सोय इथे काही कामाची नाही. बूट घालायचेच आहेत, आज काय अन् उद्या काय!

थ्रीडीएसवर बूट ही साधी वस्तू झाली. बटणाला लावा किंवा खालच्या पडद्यावर ठेवा. एकदा दाबलं की पायात, पुन्हा दाबलं की बाहेर. ओकारिनालाही पडद्यावर स्वतःची जागा आहे, त्यामुळे मूळ गेमसारखं तिच्यासाठी तीनातलं एक बटण अडत नाही. पाण्याची पातळी बदलायच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतींवर आहेत, आणि तो ठोकळा उचलला जातो तेव्हा कॅमेरा क्षणभर तिकडे वळतो. मूळ महालांची आखणी करणारे एइजी आओनुमा यांनीही पुढे या बुटांच्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती, म्हणजे रडणारा मी एकटा नव्हे.

स्विचची आणखी एक बारीक कटकट म्हणजे ओकारिनाचे सूर. मूळ कंट्रोलरची चार पिवळी बटणं स्विचवर उजव्या, अंगठ्याने हलवायच्या काडीवर येतात. काडी तिरकी गेली की सूर चुकतो. एरवी हरकत नाही, पण वॉटर टेम्पलमध्ये पातळी बदलायची तर ‘झेल्डाची अंगाई’ ही धून वाजवावीच लागते, आणि बुटांनी आधीच डोकं उठलेलं असतं.

थ्रीडीएसही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पडदा लहान, माझ्या वयाला चष्मा लागतो. त्रिमिती चित्राने माझं डोकं दुखतं, मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. यंत्र हलवून धनुष्याचा नेम धरता येतो, ते घरी छान वाटतं. लोकलमध्ये शेजारच्या काकांना कोपर लागलं आणि ती सोयही बंद झाली. लिंकसोबतची, सारखी बडबडणारी परी नावी इथे मधूनच विश्रांती घ्यायलाही सांगते, अगदी आईसारखी.

खरी अडचण मिळवण्याची आहे. थ्रीडीएसचं उत्पादन २०२०मध्ये थांबलं, ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद झालं. म्हणजे वापरलेलं यंत्र आणि वापरलेली कार्ट्रिज, दुसरा मार्ग नाही. एक मात्र पक्कं बघून घ्या : थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप असतं. कुणी जपानहून स्वस्तात आणून दिलं आणि कार्ट्रिज अमेरिकेची असली, तर दोन्ही शोभेला ठेवायची. यंत्र आणि कार्ट्रिज एकाच प्रदेशातली हवीत. चार्जरची पिनही वेगळी असते, तो सोबतच मागून घ्या.

स्विच घरात असेल, वर्गणीही भरलेली असेल, तर नव्या खर्चात पडा असं मी म्हणणार नाही. तिथे खेळा, फॉरेस्ट टेम्पलला घाबरा, मजा येईल. पण मला पुन्हा खेळायचा झाला तर मी स्विचला हात लावणार नाही. अर्थात सध्या तो प्रश्नच नाही, थ्रीडीएस भाचा घेऊन गेलाय. काल त्याचा मेसेज आला, “मामा, वॉटर टेम्पल एवढं काही अवघड नाहीये.”