शंभर लॅपचं स्टॉपवॉच : वर्षभर वापरून

माण तालुक्यातल्या एका हायस्कूलवर मी खेळ शिकवते. गेल्या जूनमध्ये साताऱ्यातून साडेनऊशे रुपयांना शंभर लॅप, म्हणजे शंभर फेऱ्यांच्या वेगवेगळ्या वेळा, लक्षात ठेवणारं स्टॉपवॉच घेतलं. तेव्हापासून ते रोज सकाळी माझ्या गळ्यात असतं.

घेतल्याचं खरं चीज झालं ते लांब पल्ल्याला. लांब पल्ल्याची धावपटू ललिता बाबर हिचं गाव मोही आमच्याच तालुक्यात, त्यामुळे तिचं नाव घेऊनच पोरं पळायला येतात. फक्की मारून आखलेला आमचा ट्रॅक २०० मीटरचा, म्हणजे ३००० मीटरला पंधरा फेऱ्या. दहावीतला एक मुलगा म्हणायचा, "मॅडम, शेवटी दम लागतो." घड्याळातले लॅप वहीत उतरवले तर पहिल्या दोन फेऱ्या ३७ आणि ३८ सेकंदांच्या, आणि सातव्या फेरीपासूनच ४५-४६. दम सुरुवातीलाच संपत होता. आता तो पहिली फेरी ४१ ला काढतो.

शंभर मीटरला मात्र जपून. डब्यावर १/१०० सेकंद लिहिलंय आणि घड्याळ तेवढं मोजतंही, पण अंगठ्याला ते जमत नाही. एकदा नववीतल्या एका मुलीची वेळ तीन घड्याळांवर १४.१९, १४.३१ आणि १४.४२ आली. हातघड्याळाची वेळ नियमाने पुढच्या दशांशावर न्यायची : १४.२, १४.४, १४.५. तिन्ही वेगळ्या, म्हणून मधली धरायची, १४.४. तिला १४.१९ च हवी होती, डोळ्यांत पाणी आलं. मी तिला मिल्खा सिंग यांची १९६० ची रोममधली ४०० मीटर सांगितली : हाताने ४५.६, विजेच्या यंत्रावर ४५.७३. धाव तीच. आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या शर्यतीत) अविनाश साबळेचं सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदांनी हुकलं, तो फरक कुठल्याही अंगठ्याला दिसला नसता.

क्लॅपरचा (शर्यत सुरू करताना आपटायच्या दोन फळ्यांचा) आवाज ऐकून बटण दाबू नका, फळ्या मिटताना बघून दाबा. शंभर मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. तेवढी वेळ फुकट कमी दिसते आणि पुढे यंत्राने वेळ मोजतात तिथे धावताना पोर खचतं.

तक्रारी दोन. दुपारच्या उन्हात आकडे दिसत नाहीत, हाताची सावली धरावी लागते. दोरीची कडी तिसऱ्या महिन्यात तुटली, तिथे बुटाची लेस बांधलीय. बॅटरी अजून पहिलीच आहे.

शाळेसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, एकाच्या जागी तीन घ्या. दुकानातच स्टॉपचं बटण वीस वेळा दाबून बघा. माझं महिनाभर इतकं घट्ट होतं की अंगठ्याचा जोर लावावा लागायचा, आणि त्या महिन्यातल्या शंभर मीटरच्या सगळ्या वेळा मी वहीतून खोडल्या.