पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा: अल्कलाइन, चार्जिंगचे की लिथियम?

जुने डिजिटल कॅमेरे सध्या पुन्हा कपाटांतून बाहेर येताहेत. त्यातले बरेच स्वतःच्या खास बॅटरीवर नाही, तर दोन किंवा चार पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालतात. दुकानात गेलं की प्रश्न येतो, "कोणते देऊ?"

घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल आधीच बाद करा. लेन्सची मोटर, स्क्रीन आणि फ्लॅश यांना एकदम भरपूर करंट लागतो, तो त्यांना झेपत नाही. चार फोटो काढले की कॅमेरा बंद, आणि तेच सेल घड्याळात घातले तर पुढे कितीतरी दिवस चालतात!

खरी निवड अल्कलाइन आणि चार्जिंगचे, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, यांच्यात आहे. अल्कलाइनवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि चार्जिंगच्यांवर १.२, म्हणून पुष्कळांना वाटतं की चार्जिंगचे कमजोर. प्रत्यक्षात कॅमेऱ्यात उलटं होतं. अल्कलाइनचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा, जास्त. कॅमेऱ्याने करंट ओढला की व्होल्टेज घसरतं आणि सेल जसजसा वापरला जातो तसतसं आणखी घसरत जातं. चार्जिंगचा सेल मात्र जवळजवळ संपेपर्यंत १.२ धरून असतो.

कंपन्यांचे स्वतःचे आकडेच पाहा. कॅननच्या पॉवरशॉट एसएक्स १६० मध्ये दोन सेल लागतात: अल्कलाइनवर सुमारे १४० फोटो, चार्जिंगच्यांवर ३८०. निकॉनच्या कूलपिक्स बी ५०० मध्ये चार सेल लागतात: अल्कलाइनवर ६००, चार्जिंगच्यांवर ७५०, लिथियमवर १२४०. कॅननमध्ये अडीच पटींहून जास्त फरक, निकॉनमध्ये जेमतेम सव्वापट. कॅमेरे वेगळे आहेत हे खरं, पण मोठं कारण मला सेलच्या संख्येत दिसतं. चार सेल असले की प्रत्येकावरचा भार हलका होतो आणि अल्कलाइनची कमजोरी तेवढी उघडी पडत नाही. म्हणून दोन सेलचा कॅमेरा असेल तर अल्कलाइनचा विचारच सोडा. चार सेलचा असेल आणि वर्षातून दोनदाच बाहेर निघत असेल, तर चालतील. फक्त काम झालं की काढून ठेवा. आत विसरलेले अल्कलाइन पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या गंजतात.

चार्जिंगच्या सेलची एक जुनी बदनामी आहे: चार्ज करून ठेवले की महिन्याभरात आपोआप उतरतात. ते एकेकाळी खरं होतं. २००५ मध्ये सान्योने एनेलूप नावाचे चार्जिंगचे सेल आणले आणि ही तक्रार जवळजवळ संपली. वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. पांढऱ्या एनेलूपची क्षमता साधारण २००० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), काळ्या एनेलूप प्रोची २५००च्या आसपास. मी पांढरेच घ्या म्हणेन. ते कितीतरी जास्त वेळा चार्ज होतात. आणि ऑनलाइन कुणी ४००० एमएएचचे पेन्सिल सेल विकत असेल, तर पुढे जा. या आकाराच्या निकेलच्या सेलमध्ये एवढी क्षमता मावतच नाही.

सेलचे पैसे मोजताना चार्जरचेही मोजा. प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवणारा हवा. जोडी-जोडीने आणि नुसत्या टायमरवर चार्ज करणारे फुकट मिळणारे चार्जर चांगल्या सेलचं आयुष्य खातात.

लिथियम सेल, म्हणजे एनर्जायझर अल्टिमेट लिथियमसारखे, एकदाच वापरायचे आणि महाग. पण लेह-स्पितीला निघाला असाल तर बॅगेत एक संच असू द्या. अल्कलाइनचं वजन २३ ग्रॅमच्या आसपास, याचं १५. उणे ४० अंशांपर्यंत चालतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी उतरत नाहीत. मात्र वेगळ्या फ्लॅशगनमध्ये ते घालू नका. लग्नात एकामागून एक फ्लॅश मारताना ते तापतात, आतलं संरक्षण करंट आवरतं आणि फ्लॅश तयार व्हायला वेळ लागतो. तिथे चार्जिंगच्यांना तोड नाही.

हल्ली यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही आलेत. ते शेवटपर्यंत पूर्ण १.५ व्होल्ट देतात, त्यामुळे कॅमेऱ्याची बॅटरीची खूण भरलेलीच दिसते आणि कॅमेरा अचानक बंद पडतो. भरवशाच्या कामाला मला ते नको वाटतात. त्यांच्याच शेजारी दिसणारे १४५०० नावाचे सेल तर मुळीच नकोत: आकार पेन्सिल सेलचाच, पण व्होल्टेज ३.७. कॅमेरा जळू शकतो.

सेल बदलल्यावर मेनूत 'बॅटरी टाइप' आहे का तेही बघा. बी ५०० मध्ये तो आहे. तिथे अल्कलाइन ठेवून चार्जिंगचे घातले, तर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो.